रिव्हॉल्वर, पिस्तूल आणि फौजदारांचं मनगट

३ फेब्रुवारी, मंगळवार

या घरात वाढत चाललेल्या एका अनाचाराची नोंद कुठेतरी व्हायला हवी, म्हणून इथे करतो. आमच्याकडे हल्ली बरण्यांची झाकणं लावली जात नाहीत. नुसती टेकवली जातात. आज सकाळी साखरेची बरणी मी झाकणाला धरून उचलली. झाकण माझ्या हातात राहिलं आणि बरणी स्वधर्माला जागून खाली गेली. मागच्या महिन्यात चहापत्तीची गेली, त्याआधी मिठाची. अर्धवट लावलेलं झाकण न लावलेल्या झाकणापेक्षा वाईट, कारण ते माणसाच्या मनात विश्वास उत्पन्न करतं. हा सिद्धान्त मी बायकोला सोदाहरण समजावून दिला. ती फरशीवरची साखर गोळा करत म्हणाली, "बरणी खालून धरायची असते. आम्ही चोराला कधी टोपीला धरून पकडत नाही."

बायको पोलिसात फौजदार आहे. घरातही मी तिला फौजदारच म्हणतो. हुद्दा खराच असल्यामुळे यात थट्टा आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

कचेरीत संपादकांनी बोलावलं. खातं जुनी रिव्हॉल्वरं जमा करून घेतंय आणि त्यांच्या जागी पिस्तुलं देतंय. रविवारच्या पुरवणीला लेख हवा: कामावर कोणतं बरं, नेमबाजीला कोणतं बरं. मी म्हटलं, पाठशाळेत न्यायशास्त्र, म्हणजे तर्क, शिकलेला माणूस मी, माझा शस्त्रांशी संबंध स्टेपलरपुरता, आणि तोही अडकतो. संपादक म्हणाले, "तुझ्या घरात नेमबाजीची दोन पदकं टांगलेली आहेत. ती जिची आहेत तिला विचार."

५ फेब्रुवारी, गुरुवार

फौजदारांबरोबर चांदमारीवर गेलो. चांदमारी म्हणजे खात्याचं गोळीबाराच्या सरावाचं मैदान. एका टोकाला मातीचा उंच बांध, त्याच्यापुढे कागदी माणसं टांगलेली, अलीकडे पत्र्याची शेड. शस्त्रांची देखभाल करणारे गृहस्थ तिथे बावीस वर्षं आहेत. त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. गोळीबारानं त्यांच्या कानांना दडे बसलेत, तरी ते स्वतः हळूच बोलतात. ओरडायचं ते समोरच्यानं, असं त्यांचं धोरण दिसलं.

आधी रिव्हॉल्वर. फौजदारांनी ते उघडून दाखवलं. "ही चक्री. सहा घरं, सहा काडतुसं. चाप ओढलास की चक्री एक घर फिरते, वरचा हा घोडा मागे जातो आणि काडतुसावर आदळतो. सगळं काम तुझं बोट करतं."

मी रिकाम्या रिव्हॉल्वरचा चाप ओढून पाहिला. भरलेली बादली एका बोटानं उचलावी तसं वाटलं.

"कामावर असाच जड बरा," ती म्हणाली. "माणूस घाबरलेला असतो. चुकून सुटता कामा नये. नेमबाजीत मात्र घोडा आधी मागे ओढून ठेवायचा. मग चाप इतका हलका होतो की श्वास सोडला तरी सुटेल."

तिनं तसं करून दाखवलं. उजव्या हातात रिव्हॉल्वर आणि घोडा ओढला डाव्या अंगठ्यानं. पूर्वी ती उजव्यानंच ओढायची असं मला आठवतं. नवी ढब असेल. सहाच्या सहा गोळ्या एका बशीखाली झाकल्या जातील इतक्या जवळजवळ लागल्या. मिस्त्री "हं" म्हणाले. हे त्यांचं टाळ्या वाजवणं.

मग पिस्तूल मिस्त्रींनी दाखवलं. "मुठीतल्या मॅगझिनमध्ये पंधरा गोळ्या. संपल्या की मॅगझिन सोडा, दुसरं बसवा. रिव्हॉल्वरला रिकाम्या पुंगळ्या झाडा, सहा काडतुसं घाला, चक्री मिटा. तेवढ्यात समोरचा चहा पिऊन येतो. हे अंगानं चपटं, चापही हलका. वरची ही स्लाइड एकदा मागे ओढून सोडायची, की पहिली गोळी नळीत. पुढचं सगळं ते आपलं आपण करतं. गोळीच्या धक्क्यानं स्लाइड मागे येते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, जाताना नवी गोळी नळीत सारते."

"म्हणजे स्वयंपाक करून भांडीही घासतं," मी म्हटलं.

"घासतं. पण ओटा पक्का हवा."

याचा अर्थ मला कळला नाही, पण वाक्य छान होतं म्हणून टिपून घेतलं.

शेवटी मीही पाच गोळ्या झाडल्या. माझा कागदी माणूस अखेरपर्यंत निरोगी राहिला. शेजारच्याला मात्र खांद्यात लागली.

"त्यानं काय केलं होतं?" फौजदारांनी विचारलं.

"तो साक्षीदार होता."

८ फेब्रुवारी, रविवार

फौजदार केस कापून आल्या. चोवीस वर्षं टोपीखाली जो अंबाडा पाहिला तो गेला. मी विचारलं, हे काय. "सोय," ती म्हणाली. "रोज सकाळी दहा मिनिटं वाचतात." मी म्हटलं, छान दिसतंय. खरंच दिसतंय. तरी ती पाठमोरी उभी होती तेव्हा क्षणभर वाटलं की आपल्या स्वयंपाकघरात कुणी पाहुणी आलीय.

नवं पिस्तूल तिला परवाच मिळालं. ते राहतं ठाण्यात. पण सरावासाठी एक मॅगझिन आणि खोटी काडतुसं तिनं घरी आणलीत. संध्याकाळी माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "तुला लिहायचंय ना? भरून बघ." आतली स्प्रिंग भारी चिवट. एकेक काडतूस अंगठ्यानं खाली दाबायचं, त्यावर पुढचं सरकवायचं. दहाव्यानंतर अंगठा दाद मागायला लागतो. मी पंधराही भरली. ती म्हणाली, "वा. रोज भरत जा, हात बसेल." आता आठवडाभर माझी ही सेवा चालणार. लेखकाला अनुभव हवा, हे तिला पटलेलं पाहून बरं वाटलं. चोवीस वर्षांत माझ्या लेखनाला तिनं केलेली ही पहिलीच मदत.

११ फेब्रुवारी, बुधवार

एरवी ती मला 'तू' म्हणते. 'अहो' निघालं की घरात काहीतरी फुटलेलं असतं. आज दारातूनच आवाज आला, "अहो, लेख लिहून झाला का?"

फुटलं काही नव्हतं. सरावात पिस्तूल तीनदा अडकलं होतं. गोळी सुटली, स्लाइड मागे आली, पण पुरती नाही. रिकामी पुंगळी बाहेर पडायची ती स्लाइडच्या तोंडातच धुराड्यासारखी उभी राहिली. मग मॅगझिनला बुडाशी थाप मारा, स्लाइड ओढा, पुंगळी झटका, पुन्हा नेम धरा. पुढच्या महिन्याच्या नेमबाजीच्या चाचणीत चाळीस गोळ्या झाडायच्या असतात, वेळ लावून.

"आणि छाप्यात बंद दारापुढे उभं असताना अडकलं तर?" ती म्हणाली. "रिव्हॉल्वरमध्ये एखादी गोळी फुसकी निघाली तर नुसता पुन्हा चाप ओढायचा. चक्री फिरते, पुढची गोळी हजर. हे यंत्रच खराब आहे. लिही तसं."

ती खुर्चीत बसली, बुटाची नाडी सोडायला वाकली, आणि तशीच राहिली. मी नाडी सोडून दिली. म्हटलं, दमली आहेस. ती माझ्या डोक्याकडे बघत म्हणाली, "तुझेही केस कमी झालेत रे."

मग लेखाचा निकाल लागल्यातच जमा. साक्षीदार घरचा, अनुभव सव्वीस वर्षांचा, आणि पुरावा तीन वेळा सापडलेला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

लेख दिला. संपादक म्हणाले, "जमलाय." असं ते वर्षातून दोनदा म्हणतात.

१५ फेब्रुवारी, रविवार

लेख आला. मांडणी शास्त्रार्थाच्या वळणानं केली होती. पूर्वपक्ष पिस्तुलाचा: गोळ्या जास्त, भरणं झटपट, चाप हलका. उत्तरपक्ष रिव्हॉल्वरचा: नेमबाजीत घोडा चढवून ठेवला तर त्याच्याइतका गोड चाप नाही, कामावर ते साधं, हट्टी आणि विश्वासू. निर्णय: 'एका अनुभवी अधिकाऱ्याच्या हातात नवं पिस्तूल एका सकाळी तीनदा अडकलं. अशा यंत्राच्या भरवशावर आपण कुणाला बंद दारापुढे उभं करणार?' हे शेवटचं वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दाढी करताना मोठ्यानं म्हणून पाहिलं.

फौजदारांनी लेख उभ्यानं वाचला, मग बसून पुन्हा वाचला.

"माझं नाव नाही ना घातलंस?"

"नाही. 'अनुभवी अधिकारी' एवढंच."

"आमच्या ठाण्यात अनुभवी अधिकारी आणि बातमीदाराची बायको अशी एकच आहे."

रागावली असं वाटलं नाही. दिवसभर गप्प होती, एवढंच. संध्याकाळी मी मॅगझिन भरायला बसलो तर म्हणाली, "राहू दे आज."

१७ फेब्रुवारी, मंगळवार

हे नीट क्रमानं लिहायला हवं.

दुपारी कचेरीत मिस्त्री आले. चांदमारीबाहेर त्यांना मी पहिल्यांदाच पाहिलं. इस्त्रीचा सदरा घातला होता, आणि तो ते क्वचित घालत असावेत. मी चहा मागवला. त्यांनी तो पिऊन संपवला आणि मग बोलले.

"लेख वाचला. भाषा चांगली आहे."

"पण?"

"पण ते पिस्तूल मी बुधवारीच बाजूला काढलं होतं. दोनशे गोळ्या झाडल्या. थोड्या मी, बाकीच्या दोघा शिपायांनी. एकदाही अडकलं नाही."

मी म्हटलं, मग तिच्याच हातात कसं अडकलं. त्यांनी टेबलावरचा माझा स्टेपलर उचलला, एकदा दाबून पाहिला.

"साहेब, रिव्हॉल्वर चापावर चालतं. पिस्तूल धरणाऱ्यावर चालतं. स्लाइड मागे यायची तर खालचा भाग जागच्या जागी राहायला हवा. मनगट ढिलं पडलं की सगळं पिस्तूलच मागे जातं, धक्का वाया जातो, स्लाइड अर्ध्यावर थांबते. नवीन पोरींच्या हातात असं होतं. आठ दिवसांत शिकतात." मग आणखी हळू म्हणाले, "मॅडमचं मनगट मी बावीस वर्षं बघतोय. ते शिकायचं राहिलेलं नाही. ते जातंय."

त्यांनी स्टेपलर जागेवर ठेवला.

"मी वर कळवलं नव्हतं. म्हटलं, त्या स्वतः सांगतील. पण तुमच्या लेखामुळे अधीक्षकांनी चौकशी लावलीय. शुक्रवारी समितीसमोर तेच पिस्तूल, त्याच अधिकाऱ्याच्या हातून झाडून बघायचं आहे."

ते गेले. धूर पाहून अग्नी ओळखण्याचं शास्त्र मी तीन वर्षं शिकलो. गुरुजी पहिल्याच महिन्यात सांगत: जी खूण दोन ठिकाणी सापडते तिच्यावरून एका ठिकाणाचं अनुमान काढू नये. याला हेत्वाभास म्हणतात. परीक्षेत मला यावर पैकीच्या पैकी गुण होते. अडकलेली पुंगळी खराब यंत्रातही सापडते. आणि झाकणं टेकवलेली असतात, केस कापलेले असतात, मॅगझिन रोज नवऱ्याकडून भरून घेतलं जातं, बुटाची नाडी सुटत नाही. मी यातल्या प्रत्येकावर विनोद केला. या वहीत, इथेच, वर आहेत.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी तिला सुटी होती. मी बटाटे सोलायला घेतले, कारण हातात काही असलं की मला बोलता येतं. ती समोर बसून चहा पीत होती. कप दोन्ही हातांनी धरला होता.

"मिस्त्री कचेरीत आले होते."

"मला वाटलंच. सदरा इस्त्रीचा होता?"

"हो."

"मग मुद्दामच आले होते."

"किती दिवस झाले?"

"सात महिने." मग म्हणाली, "आठ. आधी वाटलं, झोपेत हात अवघडला असेल. कळ नाही, काही नाही. नुसती ताकद उतरत जाते."

"डॉक्टर?"

"दाखवलं. नसांची तपासणी करा म्हणाले. नेमबाजीची चाचणी झाली की जाणार होते."

"मला का सांगितलं नाहीस?"

"तू लिहिलं असतंस."

मला हसू आलं आणि मग ते नीट जमलं नाही. तिनं माझ्या हातातली सुरी काढून घेतली, बाजूला ठेवली.

"निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत," ती म्हणाली. "रिव्हॉल्वरवर ती निघाली असती. घोडा डाव्यानं ओढायचा, बाकी सवयीनं. आठ महिने त्यानं कुणाला काही कळू दिलं नाही. या पिस्तुलानं पहिल्याच आठवड्यात चहाडी केली."

"मी खुलासा छापतो. माझी चूक झाली म्हणतो. चौकशी थांबेल."

"आणि मग?"

"मग तू डाव्या हातानं शीक."

"पन्नाशी उलटल्यावर? शिकेनही. पण मी दारापुढे उभी असते तेव्हा माझ्या मागे कुणीतरी उभं असतं. त्यानं माझं मनगट बघून उभं राहिलेलं नसतं. माझी दोन पदकं बघून तो उभा असतो." तिनं कप खाली ठेवला. "मागच्या महिन्यात रात्रपाळीची नवी मुलगी म्हणाली, मॅडम, तुम्ही पुढे असलात की मला भीती वाटत नाही. तेव्हापासून मला झोप नाही."

मला वाटत होतं की माझ्या लेखामुळेच ती गप्प झालीय. ती त्याआधीपासूनच जागी होती. मी शेजारीच झोपलेलो होतो.

"शुक्रवारी येशील?" तिनं विचारलं.

"बातमीदार म्हणून?"

"बघ, कसं यायचं ते. ये म्हणजे झालं."

२० फेब्रुवारी, शुक्रवार

शेडमध्ये अधीक्षक, समितीचे दोघे, मिस्त्री, फौजदार आणि मी. अधीक्षक मला म्हणाले, "या. तुमच्यामुळेच आज आम्ही उन्हात आहोत."

आधी मिस्त्रींनी एक मॅगझिन रिकामं केलं. पंधरा आवाज, पंधरा पुंगळ्या, काहीही अडकलं नाही. मग फौजदार पुढे आल्या. स्लाइड ओढायला तिनं पिस्तूल पोटाशी धरलं आणि सगळ्या खांद्याचा जोर लावला. पहिली गोळी मध्यावर. दुसरीही मध्यावर. तिसरीनंतर पुंगळी स्लाइडच्या तोंडात उभी राहिली.

मिस्त्री, ज्यांनी बावीस वर्षांत एकदाही आपल्या काडतुसांना नाव ठेवलं नसेल, ते म्हणाले, "साहेब, ही पेटी जुनी आहे. दारू दमट झाली असेल."

समितीतल्या एकानं लगेच कागदावर पेन टेकवलं. तेवढ्यावर भागलं असतं. मला ते दिसत होतं, तिलाही दिसत होतं.

तिनं मॅगझिन काढलं, पुंगळी झटकली, पिस्तूल उघडं करून नळी बांधाकडे वळवून टेबलावर ठेवलं. सगळं शांतपणे, शिकवल्यासारखं.

"काडतुसं चांगली आहेत, साहेब," ती म्हणाली. "पिस्तूलही चांगलं आहे. माझा हात गेलाय. आठ महिने झाले. मला आजपासून शस्त्राच्या ड्युटीवरून काढा." आणि माझ्याकडे वळून, "बातमीदारांनी लिहून घ्यावं."

मी वही उघडली. काय लिहिलं ते आता वाचता येत नाही.

अधीक्षकांनी टोपी काढली, घाम पुसला आणि म्हणाले, "नव्या भरतीला शिकवायला मला कुणीतरी हवंच आहे. त्याला बोलायला तोंड लागतं. ते तुमचं शाबूत दिसतंय."

"घरी विचारा," ती म्हणाली.

निघताना तिनं जुनं रिव्हॉल्वर जमा केलं. सही करताना रजिस्टर सरकत होतं. मिस्त्रींनी ते दोन्ही तळव्यांनी दाबून धरलं, सही पुरी होईपर्यंत, आणि तेवढा वेळ बांधाकडे बघत राहिले.

२२ फेब्रुवारी, रविवार

खुलासा छापून आला. सहा ओळी. 'मागच्या रविवारच्या लेखात पिस्तुलावर ठेवलेला दोष चुकीचा होता. दोष तपासणी न करता लिहिणाऱ्याचा होता. घट्ट हाताला कामावर पिस्तूल बरं. नेमबाजीत घोडा चढवलेल्या रिव्हॉल्वरची गोडी अजूनही वेगळी.' तिच्याबद्दल एक अक्षर नाही. संपादकांना ती सगळी हकिगत हवी होती. मी म्हटलं, ती बातमी माझी नाही.

फौजदारांनी वाचून विचारलं, "'गोडी' कशाला? शस्त्र आहे, पेढा नाही."

"मग काय लिहू?"

"राहू दे. खरं आहे ते."

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज नसांची तपासणी झाली. दंडावर, तळहातावर बारीक सुया आणि एक यंत्र, जे सारखं चरचरत होतं. तिनं डॉक्टरीणबाईंना ते कसं चालतं विचारलं; त्यांनी सांगितलं; दोघींचं छान जमलं. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, आणखी काही तपासण्या करू, निकाल मंगळवारी, तोवर दोन शक्यता धरून चाला. फौजदार प्रश्न विचारत होत्या, मी टिपून घेत होतो. अशीच वाटणी बरी असते आमची.

घरी येऊन ती झोपलीय. दुपारचे चार वाजलेत. मी टिपण काढून पाहिलं. पहिली शक्यता सविस्तर उतरवलेली आहे: मानेपाशी नस दाबली गेली असेल, शस्त्रक्रिया, सहा महिन्यांत बरीचशी ताकद परत. खाली 'दोन' असा आकडा आहे आणि पुढे कोरा कागद. अठ्ठावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या घरातल्या वाईट बातम्या शब्दशः उतरवून घेतल्या. इथे माझं पेन थांबलं आणि मला ते कळलंही नाही.

तर ते इथे लिहितो. दुसरी शक्यता अशी की हे हातापुरतं नसेल. हळूहळू पायांत उतरेल, मग जिभेत. काही वर्षांनी तिला सगळं समजत असेल आणि मला एक टोमणा मारायलाही तिला शब्द काढता येणार नाही. त्यावर औषध नाही. हे ऐकून तिनं मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. मला तिच्या नोकरीची काळजी नाही, पदकांची नाही, खात्याची नाही. मला या दुसऱ्या शक्यतेची भीती वाटते, आणि ती उठल्यावर माझ्या तोंडावर ती दिसू नये इतकं धैर्य माझ्याकडे नाही.